न भिजवणारा बर्फ

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रातल्या एका पदार्थावर लेख लिहावा, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. वार्षिक अंकात आपण ललित लिहावे, फार तर एखाद्या कादंबरीचे रसग्रहण करावे, आणि वायू-द्रव-स्थायूचे प्रकरण विज्ञान शाखेवाल्यांवर सोपवावे, अशी आपली वाटणी ठरलेली आहे. पण ज्या वस्तूविषयी मला सांगावयाचे आहे ती प्रयोगशाळेतून केव्हाच उठली. आता ती लग्नाच्या लॉनवर नवरा-नवरीच्या पायांशी ढग पसरते, स्नेहसंमेलनाच्या नाटकात स्वर्ग आणि स्मशान दोन्ही उभे करते, आणि सातपूरच्या दोन खोल्यांच्या घरात थर्माकोलच्या खोक्यात बसून रात्रही काढते. घरात मुक्कामाला येणाऱ्याची माहिती घरच्यांना असावी, एवढाच या लेखाचा अधिकार.

ही वस्तू म्हणजे ड्राय आइस, मराठीत कोरडा बर्फ. नावात बर्फ असला तरी त्याचा पाण्याशी काडीचाही संबंध नाही. आपण श्वासावाटे बाहेर टाकतो तो कार्बन डाय-ऑक्साइड वायू (जुन्या क्रमिक पुस्तकांतला ‘कर्बद्विप्राणिद’, हा शब्द उच्चारतानाच निम्मा वायू बाहेर पडत असावा) अतिशय थंड करून गोठवला की हा पांढरा दगड तयार होतो. त्याचे तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस असते. घरच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांच्या आसपास असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या दगडाचा स्वभाव कळेल. साधा बर्फ वितळून पाणी होतो. हा वितळतच नाही. घनाचा थेट वायू होतो. शास्त्रात याला संप्लवन म्हणतात. शब्द अवघड असला तरी गोष्ट आपल्या नित्याच्या पाहण्यातली आहे. देवघरातला कापूर उघडा राहिला तर काही दिवसांनी डबी रिकामी सापडते आणि डबीत ओल नसते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही अशाच बारीक होत होत नाहीशा होतात. कोरडा बर्फ हा त्याच घराण्यातला; फक्त त्याला वास नाही. सगळी अडचण या वास नसण्यातच आहे.

१८३५ मध्ये थिलोरिए नावाच्या फ्रेंच संशोधकाने या पदार्थाचे वर्णन प्रथम केले. द्रवरूप कार्बन डाय-ऑक्साइडने भरलेल्या पात्राचे तोंड उघडताच बराचसा द्रव उडून गेला आणि उरलेल्याचे हिम झाले, असे त्याला दिसले. बाजारात विकण्याची वस्तू म्हणून तो अमेरिकेत १९२५ च्या सुमारास आला. म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हा त्यांना हा ढग विकत मिळण्याची सोय नव्हती. आजही तो करण्याची रीत मुळात थिलोरिएचीच आहे. दाबाखालचा द्रव एकदम मोकळा सोडायचा, काही भाग वायू होऊन उडताना उरलेल्याची उष्णता घेऊन जातो, तो गोठतो, आणि त्या भुसभुशीत हिमाच्या यंत्राने लाद्या किंवा कांड्या दाबून काढतात. सातपूरच्या कारखान्यांत ज्यांचे वडील, काका, भाऊ कामाला आहेत त्यांना हे घरबसल्या पडताळता येईल. आग विझवण्याच्या सरावात कार्बन डाय-ऑक्साइडचे नळकांडे उघडले की त्याच्या काळ्या कर्ण्यातून पांढरे भुरभुरीत काहीतरी उडते. तो घटकाभराचा कोरडा बर्फच होय.

लोक तो घेतात याला कारणही तसेच आहे. वजनाला वजन धरले तर साध्या बर्फाच्या जवळजवळ दुप्पट थंडावा तो देतो आणि खाली थेंबभर पाणी राहत नाही. आइस्क्रीम, कुल्फी, औषधे, तपासणीसाठी दूर पाठवायचे नमुने यांना याहून सोयीचा सोबती नाही. त्याचे उपकार नाकारावेत असे मला मुळीच वाटत नाही. त्याची थंडी कातडीला चटका देते, हे एकदा बोट लागले की कळते; कोंडला तर तो फुटतो, हेही आवाजावरून कळते. पण त्याचा वायू काहीच कळू देत नाही. म्हणून आधी त्याचेच सविस्तर पाहू.

मोकळ्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण शेकडा ०.०४ इतके अल्प असते. आपण बाहेर सोडलेल्या श्वासात ते शेकडा चारच्या घरात जाते. हा वायू विषारी नाही असे सर्रास सांगितले जाते. तो फक्त प्राणवायूची जागा अडवतो, एवढाच त्याचा दोष मानला जातो. ही समजूत अपुरी आहे. रक्तात हा वायू वाढला की रक्ताची आम्लता वाढते, आणि मेंदूतले श्वासाचे केंद्र प्राणवायूच्या कमतरतेपेक्षाही या वाढीकडे अधिक लक्ष ठेवून असते. म्हणून हवेत तो शेकडा तीनच्या आसपास गेला की माणूस धापा टाकू लागतो, डोके ठणकते, छाती धडधडते. शेकडा दहाच्या पुढे काही मिनिटांतच शुद्ध हरपते, आणि हे होत असताना खोलीत प्राणवायू अजून पुष्कळ शिल्लक असू शकतो. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी जी मर्यादा सर्वसाधारणपणे पाळतात ती तर शेकडा अर्धाच आहे.

आता हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. थंड असला तर आणखी जड. तो पाण्यासारखा खाली उतरतो, खोलगट जागा शोधतो आणि तिथे साचून राहतो. शहरात आपण हे विसरलो असलो तरी आपल्या आजोबा-पणजोबांना हे पक्के ठाऊक होते. गावाकडे जमिनीत पेव खणून धान्य साठवीत. ‘अमक्या गोष्टीचे पेव फुटले’ असे आपण बोलताना म्हणतो ते तेच पेव. धान्यही श्वास घेते, महिनोन्‌महिने बंद असलेल्या पेवात त्या श्वासाचा वायू साचतो, आणि तोंड उघडल्याबरोबर कोणी आत उतरला तर तो वर येत नसे. म्हणून पेव उघडून काही वेळ मोकळे ठेवीत आणि मग कंदील सोडून पाहत. पडीक विहिरीचेही तसेच. आधी दिवा, मग माणूस.

ही दिव्याची परीक्षा शहाणपणाची खरी, पण तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. दिवा विझला तर उतरू नये, हा तिचा अर्थ बिनचूक आहे. दिवा जळतो आहे म्हणून खुशाल उतरावे, हा उलटा अर्थ मात्र घातक. ज्या हवेत ज्योत तेवत राहते त्या हवेतही माणसाला भोवळ येण्याइतका कार्बन डाय-ऑक्साइड असू शकतो. आणि एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा उतरतो आणि तिघांची प्रेते वर येतात, ही बातमी वर्तमानपत्रांतून आपण किती वेळा वाचली असेल याची गणतीच नाही.

पेव आणि विहिरीची गोष्ट घरापर्यंत कशी येते, ते आकड्यांनी पाहू. एक किलो कोरड्या बर्फाचा साधारण पाचशे चाळीस लिटर वायू होतो. आपली नेहमीची दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात सुमारे अठ्ठावीस हजार लिटर हवा मावते. रात्रभरात दोन किलो बर्फ उडून गेला आणि दारे-खिडक्या गच्च बंद असल्या, तर पहाटे हवेत शेकडा पावणेचारच्या आसपास हा वायू होईल. पाच किलो उडाला तर शेकडा नऊच्या वर. ही सरासरी झाली. वायू जड असल्याने जमिनीलगत प्रमाण याहून अधिक असू शकते. आणि आपल्याकडे खोलीत जमिनीलगत कोण असते? गाद्या घालून झोपलेली मुले आणि म्हातारी माणसे.

हे मी कागदावरचे गणित म्हणून सांगत नाही. आमच्या वसाहतीत शेजारी एक गृहस्थ लग्नसमारंभांना कुल्फी पुरवतात. मागच्या थंडीत लागोपाठ दोन दिवस त्यांच्या ऑर्डरी होत्या, म्हणून कोरड्या बर्फाचा मोठा खोका त्यांनी आतल्या खोलीत, कॉटच्या खाली सरकवून ठेवला. नाशिकची थंडी आपणांस ठाऊक आहेच. डिसेंबर-जानेवारीत कोणी खिडकीची फटही उघडी ठेवीत नाही. खोलीत त्यांच्या आई खाली गादीवर झोपत. सकाळी उठल्या त्या डोके धरूनच. मळमळ, दम, अंगात त्राण नाही. पित्त झाले असेल म्हणून आले-लिंबू दिले. त्या अंगणात येऊन उन्हात बसल्या आणि अर्ध्या तासात बऱ्या झाल्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, पण आता त्यांना उठवावे लागले. माझा मोठा भाऊ वेल्डिंगच्या कामावर आहे. बंदिस्त टाकीत उतरण्यापूर्वी हवा तपासावी लागते हे त्याच्या हाडीमाशी खिळलेले. तो मावशींना विचारपूस करायला गेला आणि त्याची नजर कॉटखाली गेली. “काका, हा खोका इथे रात्रभर होता?” त्याने विचारले. काका म्हणाले, “अरे, तो काय गॅसचा सिलिंडर आहे? साधा बर्फ आहे तो.” भावाने पुढे काही न बोलता दोन्ही खिडक्या उघडल्या, खोका उचलून गच्चीवर नेला, आणि मावशींना डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्या वाचल्या, याचे श्रेय त्या खोलीच्या दाराखालच्या फटीला द्यावे लागेल. काकांनी हयगय केली असे मी म्हणणार नाही. खोक्यावर एक अक्षर लिहिलेले नव्हते आणि विकणाऱ्याने एक शब्द सांगितलेला नव्हता.

अलीकडे घराघरांत आलेल्या वातानुकूलन यंत्राविषयीही एक गैरसमज आहे. भिंतीवरचे ते यंत्र खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते. बाहेरची ताजी हवा ते सहसा आत घेत नाही. तेव्हा ‘ए.सी. चालू होता’ हा बचाव होत नाही, उलट खिडक्या बंद असल्याचा तो पुरावा ठरतो. मोटारगाडी तर खोलीच्या दशांशच असते. २०१८ च्या जुलैत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आइस्क्रीम पोहोचवणाऱ्या एका माणसाच्या गाडीत कोरड्या बर्फाच्या पेट्या होत्या. त्या गाडीतून निघालेल्या त्याच्या घरच्या दोघींपैकी वृद्ध आई दगावली आणि पत्नी बेशुद्धावस्थेत सापडली. २०२० च्या फेब्रुवारीत मॉस्कोत वाढदिवसाच्या मेजवानीत बंदिस्त जलतरण तलावात पंचवीस-तीस किलो कोरडा बर्फ ओतण्यात आला. पाहुण्यांना पाण्यावर ढग हवा होता. तिघे मृत्युमुखी पडले. निसर्गानेही हा प्रयोग एकदा भयंकर प्रमाणावर केला आहे: २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात न्योस सरोवराच्या तळाशी साचलेला हाच वायू एकाएकी उसळून दऱ्यांमधून खाली वाहत गेला आणि सुमारे सतराशे माणसे व हजारो गुरे जागच्या जागी गेली.

पांढऱ्या ढगाविषयी नाटकवाल्या मित्रांना एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. कोरडा बर्फ गरम पाण्यात टाकल्यावर जो दाट धूर रंगमंचावर सरपटत जातो तो कार्बन डाय-ऑक्साइड नव्हे. तो वायू अदृश्य आहे. दिसते ते पाण्याच्या बाष्पाचे, थंडीने झालेले धुके. ढग विरला म्हणजे वायू गेला, असे समजण्याचे कारण नाही. धुके विरते आणि वायू जिथल्या तिथे राहतो. महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या प्रशस्त, उंच छताच्या नाट्यगृहात थोडक्या बर्फाने फारसे बिघडत नाही. पण तालमीची लहान खोली, रंगमंचाखालची पोकळी, पडद्यामागचा बिनखिडकीचा रंगपट या आपल्या पेवाच्याच बहिणी. शिवाय आपल्या नाटकांतल्या मरणाऱ्या पात्रांना मरून झाल्यावर बराच वेळ जमिनीवर पडून राहावे लागते, आणि ढगही नेमका तेव्हाच हवा असतो! दिग्दर्शकाने तेवढे पात्र तरी उंचावर मारावे.

नाशिकला या वायूची दुसरीही एक ओळख आहे, ती ओझरती सांगतो. द्राक्षांच्या रसाची वाइन होते तेव्हा साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड असे दोन भाग पडतात. एक लिटर गोड रसातून सुमारे पन्नास लिटर वायू सुटतो. म्हणून वाइनरीतल्या टाकीत कोणी हवा तपासल्यावाचून उतरू नये, हा तिथला पहिला नियम मानतात. गंगापूर धरणाच्या बाजूला सहलीला जाणाऱ्यांनी टाक्यांकडे या दृष्टीनेही एकदा पाहावे.

आता पोटात जाण्याचा धोका. मार्च २०२४ मध्ये दिल्लीजवळच्या गुरुग्रामला एका उपाहारगृहात जेवणानंतर पाच जणांना मुखवास म्हणून जे देण्यात आले तो कोरडा बर्फ निघाला. तोंडात टाकताच त्यांच्या तोंडातून रक्त येऊ लागले, उलट्या झाल्या, रुग्णालयात न्यावे लागले. खडीसाखरेसारखा दिसणारा खडा, त्यात मुलांचा स्वभाव. लग्नात कुल्फीच्या गाडीशी मुले घोटाळतात तेव्हा जमिनीवर पडलेला तुकडा उचलून तोंडात जाणे किती सोपे आहे! सरबतातून धूर निघण्याची हल्ली हौस आहे. ते पेय, आतला खडा पूर्ण नाहीसा होईपर्यंत ओठांना लावू नये. माझे स्वतःचे मत विचाराल तर सरबताने धूर सोडण्याची गरजच काय, हे मला कळलेले नाही.

हाताळताना उघडा हात लावू नये, हे सर्वांना माहीत असते, आणि म्हणून लोक ओले फडके घेतात. ओले फडके क्षणात गोठून हाताला चिकटते. कोरडे, जाड, घडी घातलेले कापड, चामड्याचे मोजे किंवा स्वयंपाकघरातली सांडशी वापरावी. लादी फोडायची तर गोणपाटात गुंडाळून फोडावी, म्हणजे कपची डोळ्यात उडत नाही. तुकडा कातडीला चिकटला तर ओढून काढू नये. कोमट पाण्याची धार धरावी, तो आपोआप सुटतो. चट्टा पडलेल्या जागी चोळू नये, शेकू नये, हळद-टूथपेस्ट थापू नये. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे धरून, फोड आला किंवा जागा पांढरी-बधिर राहिली तर तडक डॉक्टर गाठावा.

कोंडण्याविषयी एकच वाक्य पुरे: घट्ट झाकणाच्या कोणत्याही भांड्यात तो ठेवायचा नाही. फिरकीची बाटली नको, थर्मास नको, कडीचा डबा नको, प्रेशर कुकर तर नकोच. थोडीशी कांडीही शेकडो पट जागेचा वायू होऊ पाहते, तिला जागा मिळाली नाही की भांड्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे जवळच्या माणसाकडेच येतात. फ्रीजमध्येही ठेवू नये. फ्रीज त्याच्या मानाने इतका ऊबदार की तिथेही तो उडतच राहतो. वर थंडीने यंत्राची चावी बंद पडते ती वेगळीच.

मग ठेवावा कुठे? जाड थर्माकोलच्या खोक्यात, झाकण नुसते टेकवून, चिकटपट्टी न लावता. मोकळी जागा उरल्यास चुरगळलेले वर्तमानपत्र भरावे, म्हणजे बर्फ जास्त टिकतो. खोका गच्चीवर, गॅलरीत किंवा वाऱ्याच्या ओसरीत, सावलीला, मुलांच्या हाताला येणार नाही असा ठेवावा. झोपण्याच्या खोलीत, जिन्याखाली, तळघरात नाही. वर ठसठशीत अक्षरांत ‘कोरडा बर्फ – हात लावू नये, बंद खोलीत ठेवू नये’ असे मराठीत लिहावे. खाद्यपदार्थ थंड ठेवायचे असतील तर बर्फ खाली नव्हे, पदार्थांच्या वर ठेवावा, कारण थंड वायू खाली उतरतो. गाडीतून आणायचा तर मागच्या डिकीत आणि काचा उतरवून; रिक्षा यासाठी उत्तम. विमानातही कंपनीच्या परवानगीने प्रवाशामागे अडीच किलोपर्यंत नेता येतो, पण तिथेही वायू निसटेल असेच वेष्टन लागते. लागेल तेवढाच आणि लागेल त्याच दिवशी आणावा. चांगल्या खोक्यातही दिवसाकाठी काही किलो उडणारच, तेव्हा साठवून ठेवण्यात ना फायदा ना शहाणपण. आणि खोक्याच्या खोलीत कोणाचे डोके दुखू लागले, धाप लागली, तर कारण शोधत बसू नये. आधी माणूस बाहेर काढावा. माणूस आत पडलेलाच दिसला तर बाहेरून दारे-खिडक्या उघडून, आरडाओरडा करून मदत बोलवावी. धावत आत शिरणाऱ्याचे काय होते, ते वर विहिरीच्या संदर्भात आलेच आहे.

उरलेला बर्फ मोरीत ओतू नये. नळ तडकतो आणि वायू घरातच राहतो. घंटागाडीतही टाकू नये, तिथे काम करणाऱ्यांच्या हाताला तो लागेल. खोक्याचे झाकण काढून गच्चीवर वाऱ्याला ठेवावा आणि गच्चीच्या दाराला कडी घालावी. सकाळी खोक्यात वर्तमानपत्राचे चोळामोळा झालेले कागद तेवढे मिळतात, तेही कोरडे. ते रद्दीत घालावेत आणि खोका उन्हात उपडा करून ठेवावा.